रिंक टाउनचं, टॅक्स काउंटीचा: अल्बर्टातल्या खर्चवाटपाच्या भांडणामागची पार्श्वभूमी

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या कुठल्याही छोट्या टाउनच्या काउन्सिलचा अजेंडा काढून बघा, दोन विषय हमखास दिसतील. जमिनीखालची जुनी पाइपलाइन आणि जमिनीवरचं जुनं रिंक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचं आणि स्केटिंगचं मैदान. पाइपलाइनचा विषय फारशी चर्चा न होता मंजूर होऊन जातो, रिंकवर मात्र अख्खी संध्याकाळ जाते, आणि त्यातला निम्मा वेळ तरी शेजारची काउंटी यंदा किती पैसे देणार यातच जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चार पोरांच्या हॉकीसाठी एवढा गोंधळ कशाला, पण यामागे बराच जुना हिशोब आहे.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. काउंटी म्हणजे भोवतालचा ग्रामीण भाग सांभाळणारी म्युनिसिपालिटी, आणि टाउन म्हणजे तिच्या मधोमध असलेलं एक बेट. दोघांची काउन्सिलं वेगळी, बजेटं वेगळी, एकाचा रहिवासी दुसऱ्याला एक पैसा प्रॉपर्टी टॅक्स देत नाही. आता तेलाच्या विहिरी, गॅसच्या पाइपलाइन, विजेच्या लाइनी, ज्याला तिकडे 'लिनियर' प्रॉपर्टी म्हणतात, त्यांचा टॅक्स ज्या हद्दीत त्या आहेत त्या हद्दीला मिळतो, आणि त्या असतात शेतांमधून, म्हणजे काउंटीत. विहिरीवर काम करणारा माणूस राहतो टाउनमध्ये, त्याची पोरं खेळतात टाउनच्या रिंकमध्ये, आणि विहिरीचा टॅक्स जातो काउंटीला. वर काउंटीतल्या शेतकऱ्यांची पोरंही त्याच रिंकमध्ये येतात, कारण काउंटीकडे स्वतःचं रिंक बहुतेक वेळा नसतंच. सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे, बाकीचं सगळं यावरच चढत गेलंय.

जुन्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुरुवातीला बर्फ फुकटचा होता, थंडी पडली की गावकरी पाइप लावून पाणी सोडायचे आणि रिंक तयार व्हायचं, खर्च कोणाचा हा प्रश्नच नव्हता. छप्पर आलं, मग बर्फ गोठवायची मशिनरी आली, तिथून विजेचं बिल सुरू झालं. १९६७ ला कॅनडाच्या शताब्दीनिमित्त स्थानिक प्रकल्पांसाठी एक योजना निघाली, केंद्राचा माणशी एक डॉलर आणि त्याला जोड म्हणून प्रांताचा आणि गावाचा वाटा, त्यातून देशभर हॉल, लायब्रऱ्या, रिंक उभी राहिली. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, अल्बर्टा सरकारच्या हातात पैसा खुळखुळायला लागला आणि सत्तरच्या दशकात सांस्कृतिक आणि खेळाच्या सुविधांसाठी लोकसंख्येच्या हिशोबाने ग्रँट वाटल्या गेल्या. कम्युनिटी हॉल, कर्लिंग रिंक, स्विमिंग पूल, जे म्हणाल ते. आज ज्या इमारतींवरून भांडणं चाललीत त्यातल्या कितीतरी याच काळातल्या. बांधायला पैसे देणारे खूप होते, चालवायला कोण देणार हे मात्र कोणी लिहून ठेवलं नाही, आणि माझ्या मते खरी चूक तिथेच झाली.

नव्वदच्या दशकात प्रांताने खर्च कापायला घेतले आणि गावांच्या ग्रँटवर पहिली कुऱ्हाड पडली. १ जानेवारी १९९५ पासून नवा म्युनिसिपल कायदा आला, त्यात गावांना स्वातंत्र्य भरपूर मिळालं, पण त्याच सुमारास टाउन आणि काउंटीला एका टेबलावर बसवणारी प्रादेशिक नियोजन मंडळंही बंद झाली. म्हणजे एकीकडे पैसे कमी आणि दुसरीकडे बोलायची जागाच गेली. मग पुढची वीसेक वर्षं सगळं मर्जीवर चाललं. कुठे पानभराचा करार, कुठे नुसतं पत्र, काउंटी दरवर्षी एक ठरलेला चेक पाठवणार आणि टाउन आभार मानणार. रीव्ह, म्हणजे काउंटीचा अध्यक्ष, आणि टाउनचा मेयर यांचं जमत असलं तर चेक वाढायचा, नसलं की तिथेच अडकायचा. काही टाउननी वैतागून बाहेरच्या पोरांना जास्त फी लावून बघितली, पण हॉकीची टीम तर एकच असते, त्यातल्या गोलकीपरला एक रेट आणि फॉरवर्डला दुसरा असं किती दिवस चालणार, शिवाय ते शेतकरी टाउनच्याच दुकानात सामान घेतात, दुकानदारच काउन्सिलमध्ये बसलेले असतात. बहुतेक ठिकाणी हे गुपचूप मागे घेतलं गेलं.

मग प्रश्न आला वापराप्रमाणे वाटायचं तर वापरणारे मोजायचे कसे. ऐकायला सोपं वाटतं ना, क्लबच्या रजिस्टरमधून पत्ते काढा आणि मोजा. पण ग्रामीण भागात टपाल घरपोच येत नाही, शेतकऱ्याचा पत्ता म्हणजे टाउनच्या पोस्टातला बॉक्स नंबर, म्हणजे पोस्टल कोडने मोजलं की अर्धी काउंटी टाउनमध्ये राहायला येते. काउंटीला ते बरंच पडतं. टाउन म्हणतं फॉर्मवर जमिनीचा पत्ता लिहून घ्या, एनडब्ल्यू १५-४२-७-डब्ल्यू ४ असा काहीतरी, म्हणजे चौथ्या मेरिडियनच्या पश्चिमेला सातवी रेंज, बेचाळिसावी टाउनशिप, पंधरावं सेक्शन आणि त्याचा वायव्येकडचा पाव हिस्सा. आता हे फॉर्म भरून घेणार कोण, तर हॉकीची व्हॉलंटियर आई, जिला सप्टेंबरमध्ये दुसरी शंभर कामं असतात. आणि पब्लिक स्केटिंगला येणाऱ्याला तर कोणी पत्ता विचारतच नाही. मग थकून माणशी दरावर या, म्हणजे काउंटीतल्या दर माणसामागे ठरावीक रक्कम, तर काउंटीच्या हद्दीत टाउन तीन-चार असतात आणि प्रत्येक टाउन तीच माणसं आपल्या बाजूने मोजतं. एकाच शेतकऱ्याच्या नावावर तीन रिंकचा खर्च, काउंटी चिडणारच, आणि इथे तिचं चिडणं बरोबर आहे.

तरी मोजणीवर शेवटी काहीतरी तडजोड होते. खरं घोडं पेंड खातं ते डेप्रिसिएशनवर, तिकडच्या भाषेत अमॉर्टायझेशन, म्हणजे घसारा. यावर जरा थांबायला हवं कारण बातम्यांमध्ये हा शब्द येतो आणि पुढे सरकतो, आणि पैशाचा सगळ्यात मोठा फरक यातच आहे.

२००९ पर्यंत कॅनडातल्या बहुतेक गावांच्या हिशोबात रिंक बांधलं की तो त्या वर्षीचा खर्च, संपला विषय. २००९ पासून सरकारी हिशोबाचे नियम बदलले आणि प्रत्येक म्युनिसिपालिटीला रस्ते, पाइप, इमारती या सगळ्याची यादी करून त्यांची किंमत आयुष्यभरात थोडी थोडी खर्ची टाकणं भाग पडलं. त्यामुळे झालं काय, ज्या रिंकचा वर्षाचा तोटा कालपर्यंत समजा ४ लाख डॉलर दिसत होता तो एकदम साडेपाच लाख दिसायला लागला. रिंक तेच, बर्फ तोच, विजेचं बिलही तेच, फक्त दीड लाखाचा घसारा कागदावर आला. आता काउंटीचा वाटा ४० टक्के ठरलेला असेल तर पहिल्या हिशोबाने १ लाख ६० हजार होतात, दुसऱ्याने २ लाख २० हजार. वर्षाला ६० हजारांचा फरक, पाच वर्षांच्या करारात ३ लाख. टक्केवारीवर महिनोन्महिने घासाघीस करणारे लोक चाळीस टक्के कशाचे ते शेवटी विचारतात आणि तिथे करार फिसकटतो.

काउंटीचं म्हणणं असं की ही इमारत सत्तरच्या दशकात ग्रँटमधून आणि लोकांच्या देणग्यांमधून उभी राहिली, त्यात आमच्याच आजोबांनी धान्य विकून पैसे घातलेत, मग त्याच इमारतीचा खर्च आमच्याकडून परत का घेता. दुसरं म्हणजे घसाऱ्याच्या नावाने दिलेला पैसा टाउन वेगळ्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव निधीत, ठेवतं का? बऱ्याचदा ठेवत नाही, तो सर्वसाधारण खात्यात जाऊन रस्त्यांवर खर्च होतो. आणि तिसरं, इमारत टाउनच्या नावावर, निर्णय टाउनच्या काउन्सिलचे, आम्ही फक्त चेक फाडायचा. टाउनचं उत्तर साधं आहे. पैसे आत्ता बाजूला पडले नाहीत तर मशिनरी बंद पडेल त्या दिवशी अख्खं बिल आमच्या एकट्याच्या डोक्यावर येईल, आणि तेव्हा काउंटी म्हणेल की आमचा करार फक्त चालू खर्चाचा होता. आणि अगदी असंच होतं. मला विचाराल तर काउंटीची रिझर्व्हची अट रास्त आहे, ती टाउननी मुकाट मान्य करायला हवी, पण घसारा म्हणजे नुसता कागदी खर्च हे काही पटत नाही.

का पटत नाही ते चिलर बघितल्यावर कळतं. रिंकच्या काँक्रीटखाली पाइपांचं जाळं असतं, त्यातून ब्राइन म्हणजे खारं पाणी फिरतं, आणि मागच्या खोलीत अमोनिया त्या ब्राइनला थंड करतो. हे दोन्ही एकमेकांशेजारून जातात ते चिलर नावाच्या भांड्यात, मध्ये फक्त धातूच्या नळ्यांची भिंत. ती भिंत हळूहळू झिजते. बाहेरून काही दिसत नाही, बर्फ मस्त असतो, पोरं खेळत असतात. १७ ऑक्टोबर २०१७ ला शेजारच्या ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नी गावात जुन्या चिलरमधून अमोनिया ब्राइनमध्ये गळला, मशिनरीच्या खोलीत पसरला आणि तीन कामगार गेले. चौकशीत निघालं की चिलरचं आयुष्य केव्हाच उलटून गेलं होतं आणि गळती असल्याचं माहीत असून ते चालू केलं गेलं होतं. त्यानंतर पश्चिम कॅनडातल्या गावोगावच्या काउन्सिलांनी आपापल्या मशिनरीच्या फायली काढल्या. घसारा म्हणजे ही झीज, एवढंच.

पाण्याच्या बाबतीत हे सगळं का झालं नाही तेही बघण्यासारखं आहे. २००० साली ओंटारियोतल्या वॉकरटनमध्ये नळाचं पाणी दूषित होऊन सात माणसं मेली, देश हादरला, आणि २००३ मध्ये अल्बर्टाने पाण्याचं धोरण आणलं, त्यातून टाउन-काउंटी मिळून लांब लांब पाइपलाइनी झाल्या. तिथे वाटपाची कटकट कमी, कारण पाइपला मीटर असतो, जेवढं पाणी तेवढं बिल, आणि घसारा त्या दरातच धरलेला असतो, कोणी बोलत नाही. रिंकला मीटर नाही.

२०१६ मध्ये प्रांताने कायदा बदलला आणि सामाईक हद्द असलेल्या शेजाऱ्यांना लेखी करार करायला लावायचं ठरवलं. नाव इंटरम्युनिसिपल कोलॅबरेशन फ्रेमवर्क, सगळे आयसीएफ म्हणतात. १ एप्रिल २०१८ पासून दोन वर्षांची मुदत, नंतर ती २०२१ पर्यंत वाढली. रस्ते, पाणी आणि सांडपाणी, कचरा, आपत्कालीन सेवा आणि रिक्रिएशन, या सगळ्यांवर बोलायचं आणि जमलं नाही तर लवादाकडे जायचं, लवाद देईल तो निर्णय पाळायचा. टाउनवाले खूश होते, पहिल्यांदाच कायद्याचा दंडा हातात आला होता. पण तोटा कसा मोजायचा, घसारा धरायचा की नाही, हे कायद्याने काही सांगितलं नाही. म्हणजे भांडायला भाग पाडलं, फूटपट्टी दिली नाही. मग सरकार बदललं आणि २०१९ मध्ये 'लालफीत कमी करू' म्हणत सेवांची सक्तीची यादीच काढून टाकली, कराराचा आढावा पाच वर्षांऐवजी सात वर्षांपर्यंत लांबवता येईल असं केलं.

नेमक्या याच काळात काउंटीचा खिसाही फाटला, हे टाउनवाले सोयीस्करपणे विसरतात. तेलाचे भाव २०१४ च्या शेवटी कोसळले, कंपन्या बुडाल्या किंवा टॅक्स थकवायला लागल्या. ग्रामीण म्युनिसिपालिट्यांची तेल-गॅस कंपन्यांकडची थकबाकी २०१९ ला ८ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास होती, ती दोन-तीन वर्षांत २५ कोटींच्या घरात गेली. वर प्रांताने नव्या विहिरींना काही वर्षं प्रॉपर्टी टॅक्स माफ केला. काउंटीच्या अंगावर मैलोन्मैल खडीचे रस्ते आणि जुने पूल असतात, ते टाउनच्या लोकांना रोजगार देणारे ट्रकच खराब करतात, आणि त्यासाठी टाउन कधी काही देत नाही हेही खरंच आहे. तरी थकबाकी धरूनही पुष्कळ काउंट्यांचा टॅक्सबेस, म्हणजे टॅक्स लावता येईल अशी मालमत्ता, शेजारच्या टाउनपेक्षा बराच जाड आहे, तेव्हा 'आमच्याकडे पैसेच नाहीत' हे प्रत्येकीने म्हणू नये.

२००७ पासून चाललेली प्रांताची मोठी इन्फ्रास्ट्रक्चर ग्रँट २०२४ मध्ये बंद होऊन तिच्या जागी नवी आली, जी प्रांताच्या उत्पन्नाबरोबर वरखाली होते. २०२५ मध्ये आयसीएफच्या कायद्यात पुन्हा हात घातला गेला, मूळ सेवांची यादी परत आली, रिक्रिएशनसकट. पण त्याचबरोबर तिसऱ्याच संस्थेने चालवलेल्या सेवा दोघांची संमती असल्याशिवाय करारात येणार नाहीत असंही झालं. आणि अल्बर्टातली कितीतरी ग्रामीण रिंक टाउन चालवतच नाही, ती चालवते स्थानिक अॅग्रिकल्चरल सोसायटी, व्हॉलंटियरांच्या जोरावर. टाउन तिला फक्त अनुदान देतं. मग अशा ठिकाणी ते रिंक टाउनची सेवा धरायचं की तिसऱ्याची, यावर आता वकिलांची पत्रं सुरू होतील. २०२१ च्या आसपास झालेल्या पहिल्या फेरीतले जे करार पाच वर्षांचे होते, त्यांची मुदत २०२६ च्या सुमारास संपते.