शाल, संत्री आणि एक जादा 'सी'

परवा धरमपेठेत तर्री-पोहे खाताना मित्रानं मोबाईल पुढे केला: लंडनचा कधीच न सापडलेला खुनी 'जॅक द रिपर' डीएनएमुळे अखेर सापडला! खून १८८८ सालचे, संशयित आरन कॉस्मिन्स्की, पुरावा एका बळीची म्हणून सांगितली जाणारी जुनी शाल. "डीएनए आहे म्हटल्यावर आता शंका कशाची?" मित्र म्हणाला. ही बातमी २०१४ पासून अधूनमधून नव्यानं फिरते, म्हणून लिहायला बसलो.

शालीवर मिळाला तो मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा डीएनए. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे जुन्या वस्तूंवर तो हाती लागण्याची शक्यता जास्त. लांबी १६,५६९ अक्षरं (डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहितात). पण तो फक्त आईकडून येतो. आईची आई, मावशी, मावसभाऊ सगळ्यांचा सहसा सारखाच, आणि कितीतरी अनोळखी लोकांचाही. त्यावरून एखाद्याला संशयातून वगळता येतं, नेमका एक माणूस धरता येत नाही.

तरी दावा असा झाला, की शालीवर आणि बळी पडलेल्या कॅथरिन एडोजच्या वंशजात '३१४.१सी' (३१४व्या जागेनंतर एक जादा 'सी') हा बदल आहे आणि तो २,९०,००० माणसांत एखाद्यात सापडतो. खरी मेख इथं आहे.

असे बदल एका प्रमाण क्रमाशी ताडून नोंदवतात. तो १९८१ साली केंब्रिजमध्ये वाचला गेला. त्यात ३११ ते ३१५ या जागी ओळीनं पाच 'सी' आहेत. समजा, कॉटन मार्केटात पाच संत्री ओळीत मांडली आणि तुमची पाठ वळताच कुणी सहावं घुसवलं. नवं कोणतं? सांगताच येणार नाही. म्हणून नियम केला: जादा अक्षर ओळीच्या शेवटी धरायचं, '३१५.१सी' लिहायचं. '३१४.१सी' लिहून माहितीसाठ्यात शोधलं तर जवळपास काहीच हाती लागत नाही, आणि बदल दुर्मीळ भासतो. प्रत्यक्षात तो ९९ टक्क्यांहून अधिक युरोपीयांत असतो! दुर्मीळ आहे तो प्रमाण क्रमच.

शिवाय पोलिसांनी केलेल्या एडोजच्या वस्तूंच्या यादीत ही शाल नाही. पत्रिकेतले छत्तीस गुण असोत की प्रयोगशाळेतला आकडा, तो कसा काढला हे विचारायलाच हवं.

असं नीट विचारलं की डीएनए किती भक्कम ठरतो, हे रशियात दिसलं. १९१८ साली गोळ्या घालून मारलेल्या रशियन सम्राट झार निकोलसच्या हाडांत १६१६९ या जागी 'सी' आणि 'टी' दोन्ही अक्षरं मिसळलेली निघाली. भेसळ झाली असेल, अशी शंका आली. मग १८९९ साली वारलेल्या त्याच्या सख्ख्या भावाची कबर उघडली. त्याच्या हाडांतही, त्याच जागी, तीच दोन अक्षरं होती.