केसांतील स्थितिक विद्युत

कोरड्या हवेत केस विंचरताना किंवा टोपी, स्वेटर, हेल्मेट काढताना केसांवर विद्युत प्रभार साठतो. तो वाहून न जाता जागच्या जागी राहतो, म्हणून त्याला स्थितिक विद्युत म्हणतात. अशा वेळी केस फाकून उभे राहतात, कंगव्यामागे धावतात, नाहीतर गालाला चिकटून बसतात. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. तिथे थंडीच्या कोरड्या सकाळी आणि पुढे उन्हाळ्याच्या भर दुपारी हा अनुभव हमखास येतो.

दोन भिन्न पदार्थ एकमेकांना टेकून वेगळे झाले की काही इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात. घासल्याने हा संपर्क वाढतो. कोणता पदार्थ कोणाच्या तुलनेत धनप्रभारित होतो, याची क्रमवारी योहान कार्ल विल्के याने १७५७ मध्ये मांडली. प्लॅस्टिकचा कंगवा फिरला की बहुधा केस धनप्रभारित आणि कंगवा ऋणप्रभारित होतो. सारख्या प्रभाराचे केस एकमेकांना दूर लोटतात. गाल उदासीन असला, तरी जवळ आलेल्या केसामुळे त्यावर विरुद्ध प्रभार प्रवर्तित होतो आणि केस तिकडे ओढला जातो. अंधारात ॲक्रिलिकचा स्वेटर डोक्यावरून काढताना तडतड ऐकू येते, निळसर ठिणग्याही दिसतात. हवेत १ मिमीची ठिणगी पडायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. आकडा दचकवणारा असला तरी प्रभार इतका अल्प असतो की धोका काहीच नाही.

खरी मेख आर्द्रतेत आहे. दमट हवेत केसांवर ओलाव्याचा सूक्ष्म थर बसतो आणि प्रभार त्यातून निघून जातो. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांखाली गेली की तो टिकून राहतो. चादरी-टॉवेलांच्या या शहराला हे गणित नवे नाही. हवा कोरडी पडली की सुती धागा तुटू लागतो आणि कृत्रिम धाग्याचे तंतू प्रभारामुळे पिंजारतात, म्हणून कापडगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवतात. ६५ टक्के आर्द्रतेला सुती धागा वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. साहजिकच सुती सोलापुरी चादर डोक्यावरून घेतली तर केस सहसा उडत नाहीत. मऊ ॲक्रिलिक ब्लँकेट मात्र हटकून उडवते. स्कूटरवर उन्हासाठी बांधायच्या स्कार्फलाही हेच लागू: सुती घ्यावा, जॉर्जेटचा नको.

घरगुती उपायांत खोबरेल तेल सर्वांत जुने आणि अजूनही चोख. तळहातावर दोन थेंब चोळून केसांच्या टोकांना लावले की घर्षण घटते. थापायची गरज नाही. कंडिशनरमधील धनप्रभारित रेणू धुतलेल्या केसाच्या ऋण पृष्ठभागाला धरून राहतात आणि केस निसरडा करतात. (ओल्या केसाचा हा ऋण प्रभार आणि कोरडा केस विंचरताना येणारा धन प्रभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.) प्लॅस्टिकऐवजी लाकडी फणी वापरावी. टॉवेलने केस खसाखसा पुसण्यापेक्षा दाबून टिपावेत. पाण्याच्या कूलरने खोलीतला ओलावा वाढतो. एसीने तो घटतो. ऐनवेळी ओला हात फिरवला तरी भागते. नळाला किंवा दाराच्या कडीला हात लावल्याने मात्र अंगावरचा प्रभार जातो, केसांवरचा बराचसा तसाच राहतो, कारण केस विद्युतरोधक आहे.

या विजेने केस गळतात, असा समज आढळतो. त्याला आधार नाही. कोरडे केस ओढून विंचरल्याने त्यांचे बाह्य आवरण झिजते, ते नुकसान घर्षणाचे.

पावसाळा लागला की प्रभाराची तक्रार आपोआप थांबते आणि केस फुगण्याची सुरू होते. दोन्हींत केस विस्कटलेलेच दिसतात, पण फुगणे केसाने हवेतला ओलावा शोषल्यामुळे होते. त्यावर ओला हात फिरवून उपयोग नसतो.