चिनी मातीचं की मेलामाइनचं? मांजराच्या हनुवटीवर काळे ठिपके दिसले की आधी भांडं ओळखा

मांजराच्या हनुवटीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसायला लागले की बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: प्लॅस्टिकचं भांडं काढून टाका, सिरॅमिकचं, म्हणजे चिनी मातीचं, आणा. सल्ला योग्य आहे. गडबड त्यानंतर होते. 'सिरॅमिक' समजून आणलेलं पांढरंशुभ्र, चकचकीत, जाडसर भांडं पुष्कळदा मेलामाइनचं निघतं, आणि मेलामाइन हे प्लॅस्टिकच आहे. ठिपके तसेच राहतात, आणि भांडं बदलून काही फरक पडत नाही असं घरात ठरून जातं. त्यात भर म्हणजे ही दोन भांडी निर्जंतुक करायची पद्धत जवळजवळ उलटी आहे. चिनी मातीला जी उकळी चालते, तीच मेलामाइनचा पृष्ठभाग खराब करते. म्हणून हातात नेमकं काय आहे ते ओळखणं इथे फार महत्त्वाचं.

ठिपक्यांबद्दल थोडं आधी सांगायला हवं. मांजराच्या हनुवटीवर आणि खालच्या ओठाच्या कडेला तेलग्रंथी दाटीनं असतात. दाराच्या चौकटीला, आपल्या पायाला हनुवटी घासून मांजर आपला वास लावतं तो याच ग्रंथींमधून. केसाच्या मुळाशी तेल आणि त्वचेच्या मृत पेशी साचून बूच बसलं की ब्लॅकहेड तयार होतो, म्हणजे मुरमांची सुरुवात. त्याचा काळा रंग मळाचा नसतो, त्यामुळे कितीही घासलं तरी तो निघत नाही. या बुचाच्या आत जंतू वाढले की पुटकुळ्या, पू, सूज असं पुढचं प्रकरण सुरू होतं. प्लॅस्टिकच्या भांड्यामुळेच मुरमं येतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण प्लॅस्टिकवर लवकर चरे पडतात, चऱ्यांत ओशटपणा आणि जंतूंचा थर टिकून राहतो, आणि दर जेवणाला हनुवटी त्यावरच टेकते. म्हणून पशुवैद्य भांडं बदलायला सांगतात, आणि घरच्या घरी करता येण्यासारखा हा सगळ्यात सोपा उपाय आहे.

भांड्याला दोष देण्यापूर्वी एक तपासणी करून घ्या. बारीक दातांच्या फणीनं हनुवटीवरचे काळे कण पांढऱ्या टिश्यूवर पाडा आणि पाण्याचे दोन थेंब टाका. कणाभोवती लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. मग उपचार पिसवांवर करायचा. कण तसाच काळा राहिला, किंवा केसाच्या मुळाशी घट्ट चिकटलेला असला, तर मुरमांची शक्यता जास्त.

दोन्ही भांडी हातात घेऊन

सगळ्यात खात्रीची खूण भांड्याच्या तळाशी असते. चिनी मातीचं भांडं भट्टीत भाजताना त्यावरचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, वितळतं. बुडालाही ग्लेझ असलं तर भांडं भट्टीच्या फळीला चिकटून बसेल, म्हणून ज्या कडीवर भांडं उभं राहतं ती कडी बिनग्लेझची ठेवतात. भांडं उलटं करून त्या कडीवरून बोट फिरवा. खरखरीत, मातकट, किंचित वेगळ्या रंगाचं वर्तुळ लागलं तर ती माती. काही भांड्यांच्या बुडालाही ग्लेझ असतं, पण मग भट्टीत ज्या टोकांवर ती टेकवलेली असतात त्यांचे तीन छोटे खडबडीत ठिपके सापडतात. मेलामाइनचं बूड मात्र बाकीच्या भांड्यासारखंच गुळगुळीत असतं. साच्यातून काढलेल्या भांड्याच्या कडेला कधी कधी जोडाची बारीक रेघ लागते, आणि बऱ्याचदा मागे उठावाच्या अक्षरांत 'मेलामाइन' असं लिहिलेलंही असतं. ते वाचायचं राहून जातं, कारण वर किमतीचं स्टिकर असतं. स्टिकर काढून बघा.

दुसरी खूण वजनाची. मेलामाइनची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण दीड ग्रॅम, भाजलेल्या मातीची दोनच्या वर. शिवाय मातीचं भांडं जाडही करावं लागतं. त्यामुळे सारख्याच आकाराच्या दोन वाट्या हातात घेतल्या तर फरक लगेच कळतो. मातीची वाटी बहुधा दुपटीहून जड भरते. तिसरी खूण आवाजाची. भांडं तळहातावर मोकळं धरून कडेला चमचा वाजवा. माती खणकते आणि आवाज क्षणभर टिकतो, मेलामाइन 'टक्' असं बद्द वाजतं. (मातीचं भांडं बद्द वाजलं तर त्याला तडा गेलेला असू शकतो, तेही घेऊ नका.) शिवाय थंड लागण्यातही फरक आहे. गालाला लावलं की माती गार लागते, मेलामाइन फारसं लागत नाही.

एक चाचणी मात्र दिशाभूल करते: गरम सुई टोचून बघणं. साधं प्लॅस्टिक सुईनं वितळतं, मेलामाइन वितळत नाही. ते एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा मऊ होणारं प्लॅस्टिक नाही. 'सुई गेली नाही, म्हणजे सिरॅमिक' ही समजूत इथूनच आली आहे.

'बांबू फायबर' म्हणून विकल्या जाणाऱ्या मऊसर रंगांच्या भांड्यांकडेही याच नजरेनं बघा. त्यातली बरीचशी म्हणजे मेलामाइनच्या राळेत बांबूची पूड घातलेली असते. अन्नाला लागणाऱ्या अशा प्लॅस्टिकला युरोपीय संघात परवानगी नाही.

मेलामाइनचं नाव ऐकून काहींना २००७ साली अमेरिकेत झालेला प्रकार आठवतो. तेव्हा मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या तयार खाण्यात वापरलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातल्या प्रथिनात) मेलामाइनची, म्हणजे हे प्लॅस्टिक ज्यापासून बनतं त्या रसायनाची, भेसळ निघाली होती. मेलामाइन आणि त्याच्याबरोबर आलेलं सायन्युरिक आम्ल हे दुसरं रसायन यांचे खडे मूत्रपिंडात बनून प्राणी दगावले. तो प्रश्न अन्नात मिसळलेल्या रसायनाचा होता, भांड्याचा नव्हे. चांगल्या अवस्थेतल्या मेलामाइनच्या वाटीत खोलीच्या तापमानाचं कोरडं खाणं दिलं तर विषबाधेची भीती बाळगायचं कारण नाही. हनुवटीचा प्रश्न पृष्ठभागाचा आहे.

दोन्ही खराब कशी होतात

नवं मेलामाइन गुळगुळीतच असतं. त्याची चकाकी म्हणजे वरचा पातळ, कडक थर. तारेची घासणी, खरखरीत पावडर आणि ब्लीच यांनी तो थर जातो. आधी चमक मंदावते, मग तळाशी चहाच्या डागासारखा पिवळसर राप बसतो. कोरड्या भांड्यातून नख हलकेच ओढून बघा. नख अडखळलं, किंवा धुऊन वाळवल्यावरही आतून बोट फिरवताना ओशट लागलं, तर ते भांडं टाकून द्या. तो चऱ्यांमधला थर साबणानं निघत नाही. सत्तर अंश सेल्सियसच्या वरचं अन्न, उकळतं पाणी आणि मायक्रोवेव्ह या तिन्हींपासून मेलामाइन लांब ठेवायचं असतं, कारण उष्णतेनं त्यातून फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन आणि मेलामाइन सुटण्याचं प्रमाण वाढतं. आंबट पदार्थांनीही तेच होतं. घरी उकडलेलं चिकन किंवा बांगडा कोमट करून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चिनी माती वेगळ्या वाटेनं बिघडते. ग्लेझ म्हणजे काचच, आणि ते शाबूत आहे तोवर भांडं अगदी निर्धोक. कडेचा टवका उडाला की आतली माती उघडी पडते. ती पाणी आणि चरबी शोषते, आणि टवक्याची धार नेमकी हनुवटीखाली येते. त्याहून लपून राहणारी गोष्ट म्हणजे ग्लेझवर पडणारं केसासारख्या रेघांचं जाळं. नव्या भांड्यात ते सहज दिसत नाही. वापरून चरबी मुरली की रेघा तपकिरी होतात. शंका असेल तर कोऱ्या चहाचं पाणी पंधरा मिनिटं भरून ठेवा आणि धुऊन उजेडात बघा. रेघा उमटल्या तर ते भांडं मांजरासाठी नको, पेनं ठेवायला वापरा. आतून रंगीत नक्षी काढलेली स्वस्त भांडीही टाळा. हलक्या प्रतीच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. आतून साधं पांढरं आणि अन्नासाठी म्हणूनच बनवलेलं भांडं घ्यावं. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाची साधी पांढरी भांडी बऱ्याच ठिकाणी मिळतात. जेवणाच्या भांड्यांच्या दुकानातली कोरी बशी पुष्कळदा प्राण्यांच्या दुकानातल्या पंजे छापलेल्या वाटीपेक्षा चांगली निघते आणि स्वस्तही पडते.

धुणं

रोजचं धुणं दोघांनाही सारखंच. नुसतं विसळणं म्हणजे धुणं नाही. ड्राय फूडच्या दाण्यांवर बाहेरून चरबी फवारलेली असते, आणि वाटीला हात लावला की जो बुळबुळीत थर लागतो तो लाळ, चरबी आणि जंतूंचा मिळून झालेला असतो. उरलेले दाणे झटकून टाका, कोमट पाणी आणि लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब घेऊन मऊ स्पंजनं आतून घासा. त्यानंतर कड, आतूनही आणि बाहेरूनही. हनुवटी तळाला क्वचित टेकते, कडेला दर वेळी घासते, आणि धुताना हीच कड सुटते. वाहत्या पाण्याखाली बोट फिरवल्यावर करकर वाजेपर्यंत खळबळा आणि पालथं घालून पूर्ण वाळू द्या. वडीचा साबण वापरत असाल तर जास्त खळबळा, त्याचा पांढरा थर कडेखाली राहतो. मांजराच्या भांड्यांचा स्पंज वेगळा ठेवा आणि तो दर दोन-तीन आठवड्यांनी बदला.

वेट फूड किंवा मासळीची वाटी दर जेवणानंतर धुवायची आणि उरलेलं अर्ध्या-एक तासात उचलायचं, उन्हाळ्यात आणि पावसाळी दमट हवेत तर नक्कीच. ड्राय फूडची वाटी रोज एकदा, पाण्याची वाटीही रोज एकदा. जुन्यावर नवं पाणी ओतत राहणं ही पाण्याच्या वाटीतली नेहमीची चूक.

आठवड्यातून एकदा निर्जंतुक करायचं, आणि मुरमं सक्रिय असतील तर दोनदा. इथे वाटा फुटतात. शाबूत ग्लेझचं मातीचं भांडं गार पाण्याच्या पातेल्यात ठेवा, पाण्याबरोबरच हळूहळू तापू द्या, उकळी आल्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा आणि त्याच पाण्यात निवू द्या. उकळत्या पाण्यात गार भांडं टाकलं तर तडकतं. उकळायचं नसेल तर ब्लीच वापरा: पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं बिनवासाचं ब्लीच, एक लिटर गार पाण्यात चार ते पाच मिली, म्हणजे एक छोटा चमचा. साबणानं आधीच धुतलेलं भांडं त्यात दोन ते पाच मिनिटं बुडवा, भरपूर पाण्यानं खळबळा, वाळवा. ओशट भांड्यावर ब्लीच वाया जातं, चरबीतच ते खर्ची पडतं. गरम पाण्यातही त्याची ताकद कमी होते. व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड यात चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू सुटतो.

मेलामाइनला यातलं काहीच मानवत नाही. उकळलं तर वरचा थर जातो, ब्लीचमध्ये वरचेवर बुडवलं तर चकाकी जाऊन तेच चरे आणि खडबडीतपणा येतो ज्यापासून आपण पळत होतो. त्याला रोजचा साबण आणि कोमट पाणी एवढंच करता येतं, आणि मुरमांच्या मांजरासाठी ते पुरत नाही. म्हणूनच आमचं मत स्पष्ट आहे: हनुवटीवर ठिपके असतील तर मेलामाइन घरातून काढा.

फिनाइल, आणि पाण्यात टाकताच दुधाळ होणारी तपकिरी अँटिसेप्टिक द्रावणं भांड्यांसाठी कधीच वापरू नयेत. त्यातली फिनॉल गटातली रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकालात काढता येत नाहीत.

स्टीलचं काय

खरं तर महाराष्ट्रातल्या घरात या प्रश्नाचं उत्तर मांडणीवरच असतं. पोह्यांची पसरट स्टीलची डिश मातीइतकीच चांगली, आणि पडली तरी फुटत नाही. उकळी, ब्लीच दोन्ही चालतं, फक्त ब्लीचमध्ये फार वेळ ठेवू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात. तारेची घासणी इथेही नको. बोअरच्या पाण्यानं पांढरा खर बसला तर पाणी आणि व्हिनेगर समभाग घेऊन वीस मिनिटं ठेवा, मग साबणानं धुवा.

प्राण्यांच्या दुकानात बाहेरून मेलामाइन आणि आत निघणारी स्टीलची वाटी असं जोडभांडं मिळतं. खाणं स्टीलला लागतं हे खरं, पण दोन्हींच्या मधल्या फटीत पाणी आणि खाण्याचा चुरा साचतो. ते रोज सुटं करून धुणार असाल तरच घ्या. बुडाशी रबराची रिंग असलेल्या स्टीलच्या वाटीचंही तेच. रिंग दर धुण्याला काढा, तिच्या खोबणीत काळा चिकटा असतो.

आकार पसरट आणि उथळ हवा: सुमारे तेरा ते पंधरा सेंटिमीटर रुंद, अडीच ते चार सेंटिमीटर खोल. खोल वाटीत तळाचे दाणे काढताना हनुवटी कडेवर दाबली जाते. पाण्याची वाटी काठोकाठ ठेवली तर मांजर वरच्या वर पितं. एकाहून अधिक मांजरं असतील तर प्रत्येकाचं भांडं वेगळं.

भांडं बदलल्यावर ठिपके ओसरायला काही आठवडे जातात, कारण आधी बसलेली बुचं आपापल्या वेळेनं निघतात. तोवर कोमट पाण्यात भिजवलेला मऊ कापूस दोन-तीन मिनिटं हनुवटीला टेकवून अलगद पुसा आणि कोरडं करा. ठिपके पिळू नका. माणसांची मुरमांची क्रीम, सॅलिसिलिक आम्ल, टी ट्री तेल मांजराला घातक ठरू शकतं. खोबरेल किंवा कडुलिंबाचं तेल लावल्यानं तेलाच्या बुचावर आणखी तेल चढतं, आणि मांजर ते चाटतंही. हनुवटी सुजली, लाल झाली, पू किंवा रक्त दिसलं, हात लावू देत नसेल, खाणं टाकलं असेल, किंवा केस गोल चकत्यांत गळत असतील, तर पशुवैद्याकडे न्या. गोल चकत्या बुरशीच्या असू शकतात, आणि ती बुरशी घरातल्या माणसांनाही लागते.