बेझंटबाई वेगळ्या, ब्लाव्हाट्स्कीबाई वेगळ्या

दर १ ऑक्टोबरला, बेझंटबाईंच्या जयंतीला, तीच पोस्ट फिरत येते: 'थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक ॲनी बेझंट'. नाहीत हो! गूढविद्या आणि अध्यात्माचा अभ्यास करणारी ही सोसायटी निघाली १८७५ साली, न्यूयॉर्कमध्ये. काढली मादाम ब्लाव्हाट्स्की, कर्नल ऑल्कॉट वगैरे मंडळींनी. बेझंटबाई तेव्हा इंग्लंडात निरीश्वरवादावर व्याख्यानं झोडत होत्या.

होमरूल, टिळक, १९१७चं काँग्रेस अध्यक्षपद हे सगळं बेझंटबाईंचं. शाळेत झालंय, पुढे जाऊ. एक रशियन, दुसरी लंडनची, तेही सोडा. मुंबईकरांनी एवढं मात्र ध्यानात ठेवावं की १८७९ साली गिरगावात बिऱ्हाड केलं ते ब्लाव्हाट्स्कीबाईंनी.

पण 'भारतात आल्यावर बेझंट अध्यात्माकडे वळल्या' हे वाचलं की माझं डोकंच फिरतं. त्या वळल्या लंडनात, तेही पत्रकारितेच्या वाटेनं. जून १८८८मध्ये त्यांनी आपल्या 'द लिंक' साप्ताहिकात ब्रायंट अँड मे या काडेपेटी कारखान्यातल्या पोरींची हलाखी छापली: तुटपुंजी मजुरी, त्यातूनही कापला जाणारा दंड. जुलैत सुमारे १,४०० कामगार संपावर गेल्या. वर्ष उलटायच्या आत 'पॉल मॉल गॅझेट' या लंडनच्या वर्तमानपत्राचे संपादक स्टेड यांनी परीक्षणासाठी दोन जाडजूड खंड त्यांच्या हातात ठेवले. स्टेड यांच्या ऑफिसातली तरुण मंडळी त्या खंडांना हात लावायला तयार नव्हती. ते होतं ब्लाव्हाट्स्कीबाईंचं 'द सीक्रेट डॉक्ट्रिन'. परीक्षण लिहून झालं आणि बाई थेट लेखिकेच्या दारात! ब्लाव्हाट्स्कीबाईंनी विचारलं, माझ्यावरचा तो अहवाल वाचलात का? म्हणजे १८८५चा, त्यांना लबाड ठरवणारा. नसेल तर आधी वाचा, मग या. बेझंटबाईंनी वाचला आणि तरीही १८८९मध्ये सभासद झाल्या. भारतात पाऊल ठेवलं ते नोव्हेंबर १८९३मध्ये. तोवर ब्लाव्हाट्स्कीबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या लेखनात असं वळण शोधू नका. त्यांचा पहिला मोठा ग्रंथ, १८७७चा 'आयसिस अनव्हील्ड', तोच गूढविद्येचा. त्यांच्या पानावर संदर्भांची इतकी दाटी की श्वास घ्यायला जागा नाही. बेझंटबाई गूढावर लिहितानाही वकिलासारखा मुद्द्यामागून मुद्दा ठेवतात; व्याख्यानाची आणि अग्रलेखाची सवय, दुसरं काय! मला विचाराल तर आधी त्यांची १८८९ची पुस्तिका वाचा, आपण थिऑसॉफिस्ट का झालो हे सांगणारी. 'सीक्रेट डॉक्ट्रिन'चे ते दोन खंड मग सवडीनं, हौस उरली तर.