गाठ वालाशी आहे

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत एक संदेश फिरत होता. टोमॅटोच्या कुंडीत वालाचे एक रोप लावावे, म्हणजे वालाच्या मुळांतून निघणारे नत्र, म्हणजेच नायट्रोजन, टोमॅटोला मिळते आणि वेगळे खत घालावे लागत नाही, असा त्याचा आशय होता. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत जिवाणू असतात आणि ते हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असल्यामुळे त्या संदेशावर कोणीही शंका घेतली नाही. मीही घेतली नाही. घणसोलीच्या आमच्या गॅलरीत मी तो प्रयोग करून पाहिला. टोमॅटो पिवळा पडला तो पिवळाच राहिला, आणि शेवटी वाल उपटून पाहिला तर त्याच्या मुळांवर एकही गाठ नव्हती. असे का झाले, याचे उत्तर मला जानेवारीत मुरबाडजवळच्या एका शेतावर मिळाले. तेथे सेंद्रिय शेतीची दोन दिवसांची कार्यशाळा होती आणि ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई या भागांतून आलेले आम्ही पंधरा-वीस जण होतो.

त्या दोन दिवसांत गांडूळ खताचा वाफा भरणे, दशपर्णी अर्क करणे, गिरिपुष्पाच्या फांद्या छाटून बांधावर लावणे असे बरेच काही हाताने करायला मिळाले, पण त्याविषयी येथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरीदादांनी आम्हाला वालाच्या शेतात नेले. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरलेला तो वाल नुकताच फुलावर आला होता. सवयीने मी एक रोप धरून ओढणार, इतक्यात ते म्हणाले, "ताई, उपटू नका. उपटलंत तर गाठी मातीतच राहतात." रोपाभोवती वीतभर अंतर सोडून कुदळीने ढेकूळ उचलायचे, ते पाण्याच्या बादलीत ठेवायचे आणि माती आपोआप सुटू द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. दहा मिनिटांनी मुळे स्वच्छ झाली, तेव्हा मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या गोल गाठी त्यांवर दिसू लागल्या.

मुळांवरची प्रत्येक गाठ चांगली नसते, हेही तेथेच कळले. सूत्रकृमींमुळे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळेही, मुळांना गाठी येतात, पण तेव्हा मूळच सुजलेले असते आणि ती सूज मुळापासून वेगळी करता येत नाही. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी चिकटलेली असते आणि बोटाने हलकेच सरकवली की निघून येते. अशी एक गाठ नखाने कापली आणि आतला रंग पाहून आमच्यापैकी काही जण दचकले. तो गुलाबी, जवळजवळ रक्ताकडे झुकणारा होता.

रक्ताशी असलेले हे साम्य केवळ दिसण्यापुरते नाही. हा रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा आहे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचाच तो नातलग असून त्याच्याही केंद्रस्थानी लोहाचा अणू धारण करणारा हीम हा घटक असतो. कुबो या जपानी संशोधकाने १९३९ साली हे दाखवून दिले. वनस्पतीला रक्त नाही, हृदय नाही, मग तिला ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाची गरज का पडावी, हा प्रश्न मला त्या कार्यशाळेतील सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

त्याचे उत्तर नायट्रोजनच्या हट्टी स्वभावात आहे. हवेत आकारमानाने ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि आपण उभे आहोत तेथील प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे पावणेआठ टन नायट्रोजनचा भार असतो. तरीही झाडे नत्राअभावी पिवळी पडतात, कारण नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट बांधलेले असतात की कोणतीही वनस्पती तो बंध स्वतः तोडू शकत नाही. हा बंध तोडून अमोनिया बनवण्याचे काम कारखान्यात करण्याची रीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे तिचा कारखाना सुरू झाला. वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेला जे खत तयार होते, त्याच्या मुळाशी हीच रीत आहे. तिला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो.

वालाच्या गाठीतील जिवाणू हेच काम शेतातल्या मातीच्या तापमानाला करतात. त्यासाठी त्यांच्याकडे नायट्रोजनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि त्याच्या गाभ्यात लोह व मॉलिब्डेनम असते. नायट्रोजनच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू करताना ८ इलेक्ट्रॉन आणि पेशीतील ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीचे किमान १६ रेणू खर्ची पडतात, आणि एवढे करूनही हायड्रोजनचा एक रेणू वाया जातोच. ही ऊर्जा वाल पुरवतो. पानांनी उन्हात बनवलेली साखर तो मुळांकडे पाठवतो आणि तिचे रूपांतर करून जिवाणूंना देतो. साखरेतून एवढी ऊर्जा काढण्यासाठी जिवाणूंना श्वसन करावे लागते आणि श्वसनाला ऑक्सिजन लागतो. पण नायट्रोजनेजला ऑक्सिजन अजिबात चालत नाही. त्याच्या संपर्कात आले की ते कायमचे निकामी होते. ज्याच्यावाचून भट्टी पेटत नाही, त्यानेच भांडे फुटते, अशी ही अडचण आहे.

लेगहिमोग्लोबिन या अडचणीतून वाट काढते. गाठीच्या बाहेरील पेशींचे आवरण ऑक्सिजनला आत शिरताना अडथळा करते, आणि जो थोडा आत येतो त्याला हे प्रथिन लगेच पकडते. ऑक्सिजनवरची त्याची पकड आपल्या हिमोग्लोबिनपेक्षा पुष्कळ घट्ट असते, त्यामुळे मोकळा ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर येतो. मात्र पकडलेला ऑक्सिजन ते जिवाणूंच्या दारापर्यंत पोहोचवते आणि तेथे सोडते. मोकळा ऑक्सिजन नगण्य, पण त्याचा पुरवठा अखंड, अशी ती व्यवस्था आहे. म्हणूनच गाठीचा आतला रंग हा तिच्या कामाचा दाखला ठरतो. गुलाबी असेल तर गाठ काम करीत आहे. पांढरी असेल तर ती अजून कोवळी आहे किंवा तिच्यातले जिवाणू कुचकामी आहेत. हिरवी किंवा तपकिरी असेल तर हीमचा ऱ्हास होऊन तिचे आयुष्य संपत आले आहे. शेंगा भरू लागल्या की साखर दाण्यांकडे वळते आणि गाठी म्हाताऱ्या होतात, म्हणून ही परीक्षा फुलोऱ्यातच करायची.

आता माझ्या कुंडीकडे येते. हे जिवाणू बियाण्यासोबत येत नाहीत, ते मातीत आधीच असावे लागतात. वालाचे मूळ विशिष्ट रसायने सोडून त्यांना बोलावते, जिवाणू उलट आपल्या रसायनाने ओळख पटवतात, आणि ही ओळख पटली तरच मुळावरचा केस वळून त्यांना आत घेतो. माझ्या कुंडीत कोकोपीट आणि विकतचे गांडूळ खत होते. वालाचे जिवाणू त्यात येणार कोठून? शिवाय कुंडी भरताना ते खत मी सढळ हाताने घातले होते, आणि मुळांना आयते नायट्रेट मिळत असेल तर वनस्पती गाठी बनवण्याचा महागडा उद्योग स्वतःच आवरता घेते. म्हणूनच पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतात. २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या थंड द्रावणात कालवून १० किलो बियाण्याला लावायचे आणि बियाणे सावलीत वाळवायचे, उन्हात नाही. पाकीट त्या पिकाचेच हवे. सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याच्या मुळात गाठी करीत नाहीत.

संदेशातील दुसरी चूक अधिक मोठी आहे. गाठीत तयार झालेले नत्र वाल स्वतःच्या वाढीसाठी वापरतो. तो जिवंत असताना शेजाऱ्याला त्यातून फारच थोडे मिळते. पीक पक्व झाले की त्यातील बरेचसे नत्र दाण्यांत जाते. वालाच्या दाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिने असतात, म्हणजे एक क्विंटल वाल विकला की त्यासोबत सुमारे ४ किलो नत्र, म्हणजे जवळजवळ ९ किलो युरियाइतके, शेताबाहेर गेले. मागे राहतात ती मुळे, गाठी आणि पाला, आणि ते मातीत कुजले तरच पुढच्या भाताला त्यांचा उपयोग होतो. जमिनीलाच नत्र द्यायचे असेल तर ताग किंवा धैंचा ही गाठी येणारी हिरवळीची पिके पेरून सहा-सात आठवड्यांत, फुलोरा येताच गाडावी लागतात. त्याहून उशीर झाला तर खोड काष्ठमय होते आणि ते कुजवणारे जिवाणू उलट मातीतलेच नत्र काही काळ अडकवून ठेवतात.

जेवणानंतर जीवामृताचा, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रवखताचा, विषय निघाला, आणि एका देशी गायीवर ३० एकर शेती होते, हे प्रसिद्ध विधान एका सहभागी गृहस्थांनी मोठ्या श्रद्धेने सांगितले. तेथेच कागदावर हिशेब केला. एका वेळच्या एकरी २०० लिटर जीवामृतात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन असते, आणि त्या सर्वांतील नत्र मिळून पाव किलोच्या आत-बाहेर भरते. एक टन भात पिकवताना पीक १५ ते २० किलो नत्र उचलते. जीवामृत जमिनीतील नत्र मोकळे करते, असे त्याचे उत्तर दिले जाते. पण मोकळे करण्यासाठी ते आधी जमिनीत असायला हवे, आणि ते तेथे गाठीतून, शेणखतातून किंवा गाडलेल्या पाल्यातूनच येते. गायीविषयी आदर असण्यात काहीच वावगे नाही, मात्र त्या आदराने वजाबाकी बदलत नाही. शेतकरीदादा हसले आणि म्हणाले, "म्हणून तर मी ताग पेरतो."

निघताना त्या वालाच्या शेतातील ओंजळभर माती मी डब्यात घालून आणली. घरी दोन कुंड्या भरल्या. दोन्हींत खत बेताचेच ठेवले आणि एकीत ती माती मिसळली. पाच आठवड्यांनी दोन्ही रोपे बादलीत भिजवून पाहिली. माती न घातलेल्या कुंडीत पूर्वीप्रमाणेच काही नव्हते. माती घातलेल्या कुंडीतील रोपावर सात गाठी होत्या; कापून पाहिल्यावर त्यांतील दोन गुलाबी निघाल्या आणि पाच पांढऱ्या. रोपाला अजून फूल आलेले नव्हते; मीच आणखी आठवडा-दोन आठवडे थांबायला हवे होते.