विद्यार्थ्याची तपासणी, उमेदवाराला मोकळीक : अभ्यासाच्या गोळ्यांच्या वादाची पार्श्वभूमी

आमच्या ठाण्यातील महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळाने यंदा जो विषय घेतला आहे, त्याची मागणी दुहेरी आहे : एकाग्रतेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची तपासणी शाळा-महाविद्यालयांत सक्तीची करावी आणि निवडणुकीच्या जाहीर वादचर्चेत उतरणाऱ्या उमेदवारांनाही तोच नियम लावावा. या मागणीची दोन्ही टोके अमेरिकेतून आलेली आहेत आणि तेथे त्यांचा निकाल परस्परविरुद्ध लागलेला आहे. दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना तो ठाऊक असावा, म्हणून हे टिपण.

औषधांचा जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. अँफेटामिन हे मेंदूला उत्तेजित करणारे औषध 1887 मध्ये बर्लिनमध्ये तयार झाले. 1937 मध्ये अमेरिकेतील एका डॉक्टरांनी त्याच गटातील औषध वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांना दिले आणि त्यांचे अभ्यासात लक्ष लागू लागल्याची नोंद केली. मिथाइलफेनिडेट हे लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावरील औषध 1944 मध्ये स्वित्झर्लंडमधील एका कंपनीत तयार झाले. मोडाफिनिल हे अतिनिद्रेच्या विकारावरील औषध त्यामानाने अलीकडचे असून अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. ज्याला आजार आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेण्याबद्दल कोणाचाच आक्षेप नाही. वाद आहे तो निरोगी विद्यार्थ्याने परीक्षेच्या तोंडावर गोळी घेण्याचा.

सगळी मेख न्यायालयीन निकालांत आहे. शाळेच्या संघातून खेळणाऱ्या मुलांची सरसकट लघवीतपासणी करणे घटनाबाह्य नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. 2002 मध्ये ओक्लाहोमा राज्यातील एका शाळा जिल्ह्याच्या, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या, प्रकरणात, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, हीच मुभा स्पर्धात्मक स्वरूपाच्या सर्व अभ्यासेतर उपक्रमांपर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे गायनवृंदात गाणारी किंवा प्रश्नमंजूषेच्या संघात बसणारी मुलगीही, तिच्यावर कसलाही संशय नसताना, तपासणीच्या कक्षेत आली. आमच्यासारख्या वादविवाद करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.

या दोन निकालांच्या मधोमध, 1997 मध्ये, त्याच न्यायालयापुढे जॉर्जिया राज्याचा कायदा आला होता. राज्यातील ठरावीक पदांची निवडणूक लढवणाऱ्याने आधीच्या तीस दिवसांत लघवीची तपासणी करून अमली पदार्थांपासून मुक्त असल्याचे प्रमाणपत्र द्यावे, अशी त्यात अट होती. आठ विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द झाला. राज्यातील अधिकाऱ्यांत अमली पदार्थांचा प्रश्न असल्याचा पुरावा नाही, तपासणीची तारीख उमेदवारच ठरवणार असल्याने खरा व्यसनी सहज निसटेल, उमेदवारांवर जनतेची नजर असतेच, आणि केवळ प्रतीक म्हणून कोणाच्या खासगीपणात शिरता येत नाही, अशी कारणे देण्यात आली. कारणे पटण्याजोगी आहेत. मात्र पाचच वर्षांनी ओक्लाहोमातील मुलांच्या बाबतीत पुराव्याचा आग्रह इतका सैल का झाला, याचे समाधानकारक उत्तर निकालपत्रात मला सापडत नाही. शाळेवर मुलांच्या पालकत्वाची जबाबदारी असते, हा त्यातील मुख्य आधार. परंतु ज्याच्या हाती राज्याची तिजोरी जाणार त्याच्यापेक्षा गायनवृंदातील मुलगी अधिक धोकादायक ठरावी, हे विचित्रच आहे.

आणखी एक बाब सहसा सुटून जाते. ओक्लाहोमातील तपासणी गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, अँफेटामिन आणि बार्बिट्युरेट (गुंगी आणणारी औषधे) यांच्यासाठी होती, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे त्यातून वगळलेली होती. मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिल हे अँफेटामिनच्या नेहमीच्या तपासणीत सहसा दिसत नाहीत. ज्या गोळ्यांवरून आज वाद घालायचा आहे, त्यांतल्या बऱ्याचशा त्या जाळ्यातून निसटल्याच असत्या. अभ्यासासाठी विनापरवाना औषध घेणे म्हणजे परीक्षेतील गैरप्रकार, असा स्पष्ट नियम अमेरिकेतील एका नामवंत विद्यापीठाने 2011 मध्ये केला. पण तो विद्यापीठाच्या शिस्तीचा भाग आहे, लघवीच्या बाटलीचा नव्हे.

वादचर्चेची बाजू अधिक गाजली ती 2016 नंतर. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराने शेवटच्या चर्चेपूर्वी दोघांचीही तपासणी व्हावी अशी मागणी केली, 2020 मध्ये नव्या प्रतिस्पर्ध्याबाबत ती पुन्हा केली आणि 2024 मध्ये तिसऱ्यांदा केली. पुरावा कधीच पुढे आला नाही. 27 जून 2024 ची चर्चा झाली अटलांटात, म्हणजे 1997 मध्ये ज्याचा कायदा रद्द झाला त्याच जॉर्जियाच्या राजधानीत. या मागणीमागे गोळीने माणूस अधिक चांगले बोलतो असे गृहीत आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बुद्धिबळपटूंना मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिल देण्यात आले, तेव्हा ते प्रत्येक चालीवर अधिक वेळ विचार करू लागले आणि त्यामुळे घड्याळावर अधिक डाव हरले. दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळे व्हायचे असते अशा व्यासपीठावर हा गुण कितपत कामाचा, हे वक्त्यांनी ठरवावे.

आपल्याकडे उमेदवारांच्या समोरासमोर चर्चेची प्रथा रुजलेली नाही, त्यामुळे विषयाचा दुसरा भाग येथे बराचसा कल्पनेतला आहे. 2003 पासून उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागते. प्रकृतीबद्दल एक ओळही मागितली जात नाही. परीक्षांच्या बाबतीत महाराष्ट्राचा 1982 चा कायदा आणि केंद्राचा 2024 चा कायदा हे दोन्ही पेपरफुटी, तोतयेगिरी, कॉपीला मदत अशा प्रकारांसाठी आहेत. परीक्षार्थीच्या पोटातल्या गोळीशी त्यांना कर्तव्य नाही.

येथील खरा पहारा औषधाच्या दुकानात आहे. मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या एक्स अनुसूचीत मोडते. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातील एक प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. मोडाफिनिल त्या अनुसूचीत नाही. त्यालाही डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच, पण दुसऱ्या प्रतीची आणि कुलपाची अट त्याला नाही. नौपाड्यात किंवा वाशीत रात्री क्लास सुटल्यावर मेडिकलसमोर जी गर्दी होते, तिच्यापुढे काउंटरवरचा माणूस चिठ्ठी मागतो की नुसते नाव ऐकून स्ट्रिप कापून देतो, यावर महाविद्यालयातील कोणत्याही तपासणीपेक्षा अधिक अवलंबून आहे. विषयाच्या शब्दांत मात्र दुकानदाराचा उल्लेखच नाही, आणि विरोधी बाजूने मुद्दा मांडायचा झाल्यास मी तेथूनच सुरुवात करीन.