जत्रेची रात्र आणि दहाचा नियम

पालखी देवळाभोवतीच्या फेऱ्या संपवून आत जाते, ओट्या भरणाऱ्या बायकांची रांग ओसरते आणि मग कुठे मांडावर, म्हणजे नाटकाच्या जागेवर, पखवाज-झांज लागते. तोवर साडेबारा-एक वाजलेला असतो. गणपती, ऋद्धी-सिद्धी, संकासुर असं आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा ठरलेला भाग, झालं की आख्यान सुरू होतं आणि पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत चालतं. सिंधुदुर्गातला दहीकाला, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारं दशावतारी नाटक, या वेळेला बांधलेला आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरायचा नाही, हा नियम नेमका त्याच वेळेवर येऊन पडतो. म्हणून कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सवलतीच्या मागणीची निवेदनं निघतात, बैठका होतात, आश्वासनं मिळतात आणि पुढच्या कार्तिकात पुन्हा तेच. ‘परंपरा की कायदा’ असा सोपा प्रश्न करून हा विषय मांडला जातो. खरा गुंता मात्र पंचवीस वर्षांत साचत गेलेल्या दुरुस्त्यांमध्ये आणि न्यायालयाच्या एका वाक्यात आहे.

जुन्या काळाबद्दल थोडंच सांगतो. दशावतारी कंपन्या पायी गावोगाव फिरायच्या, पेटारा डोक्यावर असायचा. उजेड पलित्यांचा, नंतर गॅसबत्त्यांचा. माइक आला तो गावात वीज आल्यावर. त्याआधी राजाचं काम करणाऱ्या राजपार्टाचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा, कारण तो माणूस फार लांब बसलेलाच नसायचा. माइकमुळे माणसं पसरली. कापणी झालेल्या कुणग्यांमध्ये गोधड्या टाकून लांबपर्यंत बसू लागली. खाज्याच्या आणि खेळण्यांच्या दुकानांचे जनरेटर आले, आणि आवाज फेकायची नटांची सवय हळूहळू मोडली. ‘पूर्वी कुठे होता माइक?’ असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. माइक काढला म्हणून जुनी जत्रा परत येत नाही.

आवाज बंद करायला लावण्याचा अधिकारही तसा जुनाच. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३८व्या कलमात संगीत किंवा गोंगाट थांबवण्याची तरतूद आहे. पण तिची सुरुवात होते त्रास झालेल्या माणसापासून. गावच्या जत्रेत तक्रार करू शकणारा माणूस बहुधा त्याच जत्रेचा मानकरी असायचा, त्यामुळे हे कलम देवळाच्या आवारात फारसं शिरलं नाही.

चित्र बदललं २००० साली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ध्वनिप्रदूषणाचे नियम १४ फेब्रुवारी २००० रोजी आले. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, रात्र म्हणजे दहा ते सहा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री ध्वनिक्षेपक फक्त बंदिस्त सभागृहात, आतल्या आत. आता तक्रारदाराची वाट पाहायची गरज उरली नाही, घड्याळ पुरेसं झालं.

हे नियम कडकपणे राबवले जावेत असा आदेश ज्या खटल्यात झाला, त्याचं मूळ फार वेदनादायक आहे. १९९८ च्या सुरुवातीला दिल्लीत तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. शेजारी मोठ्याने लागलेल्या ध्वनिक्षेपकामुळे तिच्या किंकाळ्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत, आणि त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. त्यातून झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी सविस्तर निकाल दिला. नको असलेला आवाज न ऐकण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, ही त्याची बैठक. दशावताराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे टाळून पुढे जाऊ नये. मीही जात नाही. मोठमोठ्या भोंग्यांच्या भिंती लावून रात्र जागवणाऱ्या मिरवणुकांशेजारी ज्यांची आजारी माणसं तळमळली आहेत, त्यांना या निकालाने आधार दिला.

मधल्या काळात, २००२ साली, केंद्राने नियमांत एक सवलत घातली होती. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांच्या निमित्ताने वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, रात्री दहा ते बारा, राज्य सरकार ध्वनिक्षेपकाला परवानगी देऊ शकेल. या सवलतीलाच आव्हान दिलं गेलं. २८ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयाने ती वैध ठरवली, पण अटी घालून. दिवस वाढवायचे नाहीत, दोन तासही वाढवायचे नाहीत. अधिकार राज्य सरकारचा, तो खाली कोणाकडे सोपवायचा नाही. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हा अधिकार संपूर्ण राज्य हा एक घटक धरून वापरायचा, वेगवेगळ्या जिल्ह्यांना वेगवेगळ्या तारखा द्यायच्या नाहीत.

या शेवटच्या अटीवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण कोकणातल्या रात्रींचं जे झालं ते इथून झालं.

न्यायालयाची भीती खोटी नव्हती. प्रत्येक जिल्ह्याने आपापले पंधरा दिवस निवडले असते तर सवलत पसरत गेली असती. पण ‘राज्य हा एक घटक’ म्हटल्यावर यादीत जे सण आले ते राज्यभर एकाच दिवशी होणारे. गणेशोत्सवातले काही दिवस, नवरात्रातले काही, शिवजयंती, आंबेडकर जयंती, नाताळ, ३१ डिसेंबर. शहरातल्या सार्वजनिक उत्सवाच्या मापाने ही यादी ठीक आहे. कोकणातली जत्रा या मापात बसत नाही, कारण तिचा दिवस राज्याचा नसतो, गावाचा असतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास सुरू झालेल्या जत्रा वैशाखापर्यंत एकेका गावाला, एकेका तिथीला होत जातात. कुणकेश्वराची महाशिवरात्र तरी पंचांगात सापडते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तर कुठल्याच तिथीला बांधलेली नाही. पारध मिळते, देवीचा कौल होतो आणि मग तारीख ठरते. नियमाची भाषा सांगते की सवलतीचे दिवस आगाऊ जाहीर करावेत. ज्या जत्रेची तारीख देवीने अजून दिलेलीच नाही, ती कोणत्या यादीत घालायची?

दुसरी गोष्ट तासांची. सवलत दहा ते बाराची. दहीकाला सुरू होतो बारानंतर. म्हणजे एखाद्या गावाची जत्रा नशिबाने सवलतीच्या दिवशी आलीच, तरी माइक चालू राहणार तो पालखीच्या वेळी आणि बंद होणार तो गणपती मांडावर येताना. शिवाय सवलत वेळेची आहे, आवाजाच्या पातळीची नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी ते लागू. निवासी भागात रात्रीचे ४५ धरले तर हद्दीवर ५५. चार माणसं पडवीत बसून साधं बोलली तरी जवळपास तेवढं होतं.

मग माइकच नको, असं काही गावांनी ठरवलंही असतं. ती वाट २०१० च्या दुरुस्तीने अरुंद केली. त्या वर्षी जानेवारीत नियमांमध्ये ध्वनिक्षेपकाच्या जोडीला ‘आवाज करणारं कोणतंही साधन’ आणि ‘वाद्य’ हे शब्द आले. ज्यांनी ते घातले त्यांच्या डोळ्यांसमोर ढोल-ताशांची पथकं असावीत असा माझा अंदाज. पण वाचायला गेलं तर त्यात पायपेटी, पखवाज आणि झांजही येते. रत्नागिरीकडचं शिमग्यातलं नमन-खेळे येतं, गणपतीतली भजनाची डबलबारी येते. समोरासमोर बसलेल्या दोन बुवांचा सामना कधी दहाच्या आत संपला आहे?

शांतता क्षेत्राचा मुद्दा असाच. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर. त्या क्षेत्रात गर्दी जमवणारे नकलेचे वा संगीताचे प्रयोग करणंही दंडनीय, असं नियमांत स्वतंत्रपणे लिहिलं आहे. कोकणात देऊळ आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात असणं नेहमीचं. ऑगस्ट २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, की सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कुठलीही जागा आपोआप शांतता क्षेत्र होणार नाही. त्यावर उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीला स्थगिती दिली.

२०१७ च्याच दुरुस्तीत एक शब्द जत्रांच्या उपयोगाचा होता. सवलतीचे दिवस राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या जिल्हा प्राधिकरणाने ठरवावेत, असं म्हटलं गेलं. २००५ ला बंद केलेलं दार इथे किलकिलं झालं. प्रत्यक्षात बहुतेक दिवस अजूनही राज्यभर सारखेच असतात आणि एखाद-दोन दिवस स्थानिक गरजेसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे राखून ठेवलेले. शेकडो गावांच्या शेकडो तिथींमध्ये हे दोन दिवस कोणाला द्यायचे, हा प्रश्न कुठल्याही जिल्हाधिकाऱ्याला सुटण्यासारखा नाही.

किनाऱ्यावरच्या महोत्सवांची गोष्ट वेगळी, पण तिचा धागा इथेच जोडलेला आहे. शेजारी गोव्यात दहाच्या नियमावर वेगळाच तोडगा निघाला. पाळोळ्याला रात्री हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या सुरू झाल्या, बाहेरच्याला फक्त पावलं ऐकू येतात. आपल्याकडच्या वाळूवरच्या मैफिलींना दहाच्या नियमासोबत किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. शिवाय नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचाही काळ आहे. पिल्लं सगळ्यात उजळ दिशेकडे धावतात, आणि मंचाचे दिवे समुद्राच्या उलट बाजूला असतात. या कारणासाठी किनाऱ्यावरचा प्रखर उजेड नाकारला तर माझी त्याला पूर्ण संमती आहे.

मला सलतं ते फाटकावरचं. मे २०१७ मध्ये मँचेस्टरच्या मैफिलीबाहेर स्फोट झाला, त्यानंतर जगभर पिशव्यांवर निर्बंध वाढले आणि मोठ्या शहरांतल्या आयोजकांकडून तेच छापील नियम आपल्या किनाऱ्यापर्यंत आले. दोन वर्षांपूर्वी एका महोत्सवाच्या प्रवेशद्वारावर माझ्या आईच्या हातातली चटई बाजूला ठेवायला लावली आणि पाण्याची बाटली रिकामी करायला लावली. आत खुर्च्यांच्या रांगा होत्या. पाणी शेवटच्या टोकाला, विकत. तिने आयुष्यभर जत्रेत चटई टाकून, पोरांना मांडीवर झोपवून रात्री काढल्या आहेत. ती तासभर बसली आणि म्हणाली, “चल घराक, पाय सोडूक मिळना नाय.” याच कोकणात, रायगडमधल्या खारघरला, १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हाने माणसं दगावली. त्यानंतर नियम आला तो दुपारच्या वेळेचा. माणसाला स्वतःचं पाणी आत नेऊ द्यावं, असं फाटकावर कोणी लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मार्च २०२० मध्ये ऐन हंगामात सगळं थांबलं आणि नंतरच्या हंगामात जत्रा देवकार्यापुरत्या उरल्या. नट-वादकांचं त्या काळात जे झालं त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं. इथे एवढंच, की त्यानंतर अनेक ठिकाणी नाटक लवकर लावायची पद्धत रुळली. सातला पडदा, तीन तासांचं आख्यान, दहाला भैरवी. आडदशावतार आखडलं, कुठे कुठे गळलं. परवानगीच्या अर्जावर सही असते देवस्थान समितीतल्या कोणा शिक्षकाची, दुकानदाराची. पर्यावरण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. १ एप्रिल २०२४ पासून ती गेली, तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. पंधरा लाख हा आकडा वाचलेला माणूस पावणेदहालाच माइकवाल्याकडे बघू लागतो.

गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या गावात बघितलं. नाटक आठला सुरू झालं, दहाला आख्यान निम्म्यावर होतं. माइक बंद झाला. समितीतला एकजण मांडावर आला आणि हात वर करून म्हणाला, “मायक बंद केलो हा, फुडे येवन बसा.” मागची माणसं उठली, गोधड्या काखेत मारून पुढे सरकली. पोरं थेट बाकड्याच्या पायाशी आली. राजपार्ट करणाऱ्या नटाने घसा साफ केला आणि पखवाजवाल्याकडे पाहिलं. पखवाजवाल्याने हात उचलला, तो तसाच धरून आधी फणसाखाली उभ्या असलेल्या पोलिसाकडे पाहिलं. पोलीस त्याच तालुक्यातला. तो पाठ करून दुकानांकडे चालू लागला, आणि मग थाप पडली.